दोघांनी मिळून पाच मिनिटं बोला

आमच्या ह्यांना बोलायचा कंटाळा आहे. कंटाळा म्हणजे साधासुधा नव्हे! घराला आग लागली तर हे सावकाश उठतील, चष्मा पुसतील, माझ्या खांद्यावर दोन बोटं ठेवतील आणि धुराकडे हात दाखवतील. ‘आग’ हा दोन अक्षरांचा शब्दसुद्धा तोंडातून काढायचे नाहीत!

चव्वेचाळीस वर्षं मी हे सोसलंय. ह्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं. डोळ्याला भिंग लावून खाली मान घातली की ती संध्याकाळीच वर यायची. गिऱ्हाइकाशी बोलायचं काम माझं. घड्याळ कधी मिळेल, हे मी सांगायचं. का बंद पडलं, हेही मीच सांगायचं. मला कुठे काय ठाऊक असायचं! पण मी इतक्या जोरात सांगायचे, की गिऱ्हाईक ऐकून घ्यायचं.

दुकान मिटलं, गुडघे कुरकुरायला लागले, आणि मुलाने आम्हाला इकडे आपल्याजवळ आणलं. इकडे म्हणजे जिथे आपल्या बोलीचं माणूस औषधाला सापडत नाही तिथे. मुलगा आणि सूनबाई उजाडायच्या आत कामाला जातात. नात शाळेत जाते. मग उरतो आम्ही दोघं, त्यातले एक हे. म्हणजे उरले मीच! जिन्यात कुणी भेटलं तर मानेला झटका आल्यासारखी मान हलवतं आणि दार लावून घेतं. बाहेर आकाश रोज धुतलेल्या फरशीसारखं, करडं आणि ओलं. एकदा मी गॅसवरच्या किटलीला “थांब गं, आले” म्हटलं, आणि तिने शिट्टी दिली तर मला इतकं बरं वाटलं, की डोळ्यांत पाणी आलं. सांगू कुणाला? ह्यांना?

एक नात होती म्हणून जीव तगला. सहा वर्षांची. पहाटे तिचे आईबाप गेले, की ती बर्फासारखे पाय घेऊन माझ्या पांघरुणात शिरते. निम्मं मराठी बोलते, निम्मं इथलं. इथलं मला कळत नाही, पण पाय कळतात.

तर एक दिवस मुलगा पत्र घेऊन आला. तोंड असं, की मला वाटलं कुणीतरी गेलं.

“आई, नवा नियम निघालाय. मुलांकडे राहायला आलेल्या म्हाताऱ्या माणसांना वर्षापुढे राहायचं असेल, तर इथल्या भाषेची तोंडी परीक्षा द्यावी लागणार.”

“कुणाला?”

“तुला आणि बाबांना. परीक्षा वर्षातून दोनदाच असते. तुमच्या कागदांची मुदत पुढच्या परीक्षेच्या आत संपते. म्हणजे संधी ही एकच. नापास झालं की परत.”

परत म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. कुलूप लावून आलेल्या दोन खोल्या, बंद पडलेलं दुकान, आणि पांघरुणात कुणाचेच पाय नाहीत.

सूनबाई हळूच म्हणाली, “आई, वर्ग असतो परीक्षेसाठी. आठवड्यातून तीनदा. जमेल ना तुम्हाला?”

जमेल ना! मला! मी शाळेत तिसरीपर्यंत गेले, तीही निम्मी. पण बोलण्याच्या बाबतीत मला कुणी ‘जमेल ना’ विचारावं? मी पदर खोचला आणि सांगितलं, “तोंडी आहे ना? लेखी असती तर घाबरले असते. तोंडीत मला हरवणारा अजून जन्माला यायचाय! काळजी करायची तर ह्यांची करा. हे परीक्षेत बोलणार कसे? मला डबल बोलावं लागेल.”

हे खिडकीतून बाहेर बघत होते. नेहमीप्रमाणे.

वर्ग भरायचा वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर. लांब टेबल, घडीच्या खुर्च्या, कोपऱ्यात कुणीतरी विसरलेल्या तीन छत्र्या. मास्तरीणबाई म्हणजे काडीएवढी पोरगी, कायम सर्दी झालेली. विद्यार्थी आम्ही सहा. एक पाववाला, भट्टीवरून थेट यायचा, भुवयांना पीठ. एक रंगारी, घरं रंगवायचा, त्याच्या बुटांवरून त्या दिवशी कुणाची भिंत कुठल्या रंगाची झाली ते कळायचं. दोन बहिणी, शिवणाच्या कारखान्यात कामाला, एकीला विचारलं की दुसरी लाजायची. आणि आम्ही दोघं. पाववाल्याची भाषा वेगळी, रंगाऱ्याची वेगळी, बहिणींची तिसरीच. कुणाचं कुणाला कळत नव्हतं. माझ्यासाठी स्वर्ग! इतकी माणसं एका खोलीत, आणि दार लावून घेणारं कुणी नाही!

मला जागा मिळाली खिडकीशी. ती खिडकी नीट लागत नसे, आणि त्या फटीतून वारा नेमका माझ्या उजव्या गुडघ्यात घुसायचा. म्हणून पहिल्याच दिवशी मी मास्तरीणबाईंकडून खुणांनी एक वाक्य शिकून घेतलं: ‘कृपया खिडकी बंद करा.’ इथल्या भाषेत, अगदी त्यांच्यासारखं नाकातून. हे वाक्य मी रोज म्हणायचे. माझ्या या प्रगतीवर मी इतकी खूश होते, की पुढचं वाक्य शिकायची घाई वाटली नाही.

आणि घाई करणार कशी? मला वर्गाकडे बघावं लागत होतं ना! मास्तरीणबाई शिकवायच्या फार मऊ. चित्र दाखवायचं, शब्द एकदा म्हणायचा, शिंकायचं, पुढचं चित्र. असं कुणी शिकतं होय? पाववाला डोळे मिटून पेंगायचा. रंगारी छताला कुठे पोपडे आलेत ते मोजायचा. शेवटी तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. बाईंनी खुर्चीचं चित्र दाखवलं, आणि मी पाववाल्याच्या पाठीत एक थाप घातली. पिठाचा ढगच उडाला!

“अरे, झोपतोस काय! खुर्ची! म्हण, खुर्ची!”

“खुर्ची,” पाववाला दचकून म्हणाला.

“मोठ्याने! भट्टीत ओरडतोस तसा!”

“खुर्ची!!”

बघा! एका थापेत! मग मी रंगाऱ्याकडे वळले, मग बहिणींकडे. त्या दिवशी अख्ख्या वर्गाला खुर्ची आली. मराठीत आली, हे खरं. पण आली ना! माझ्या मनात असं, की आधी काहीतरी येऊ दे, मग बाई त्याचं इथलं करून घेतील. कापड कापून मी देते, शिवण तुम्ही घाला.

मधल्या सुट्टीत जिन्यावर मी उजळणी घ्यायला लागले. थर्मासभर चहा न्यायचे. पण ‘आजी, चहा द्या’ असं पूर्ण वाक्य म्हटल्याशिवाय पेला हातात नाही! रंगाऱ्याने एकदा नुसतं ‘चहा’ म्हटलं, त्याला मी परत रांगेच्या शेवटी पाठवला. दोन आठवड्यांत तो ‘आजी, अर्धा कप अजून द्या ना, थंडी आहे’ म्हणायला लागला. ‘ना’ मी शिकवला नव्हता हो! तो त्याचा त्याने उचलला!

महिनाभरात वर्गाचा नूर पालटला. दार उघडून पाववाला आला की म्हणायचा, “सरका, सरका!” धाकटी बहीण मोठीला म्हणायची, “डोकं चालव!” पाववाल्याने तिघांना आपल्या भट्टीच्या गमती सांगितल्या, हातवारे करून आणि मराठीत, आणि सगळे पोट धरून हसले. तीन भाषांची माणसं माझ्या भाषेत हसत होती! मास्तरीणबाई फळ्याशी एकट्या उभ्या होत्या. त्यांनी डस्टर आपटलं, कुणी बघितलं नाही. पुन्हा आपटलं. शेवटी त्या रडवेल्या होऊन ओरडल्या, “गप्प बसा!”

मराठीत.

वर्ग तत्काळ गप्प झाला. बाईंनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. मी टाळ्या वाजवल्या! तेव्हा मला वाटलं, हा माझ्या शिकवण्याचा कळस आहे. होताच तो. त्यानंतर सगळी उतरण.

आणि हे? हे शेवटच्या खुर्चीवर, भिंतीला टेकून, मांडीवर एक चिमुकली वही. मला वाटायचं, डोळे उघडे ठेवून झोपतायत. घरी आले की नातीबरोबर बाल्कनीत बसायचे. ती कमरेवर हात ठेवून काहीतरी म्हणायची, हे पुटपुटायचे, ती मान हलवायची. शाळा-शाळा खेळतायत, म्हातारपणी दुसरं काय, असं म्हणून मी सोडून दिलं. एकदा ती माझ्याकडेही आली होती.

“आजी, आता तू म्हण. माझ्या मागून.”

“म्हणते गं. पण आधी तुझी वेणी बघू, ही कुणी घातली? तुझ्या बापाने? दोरखंड आहे की वेणी!”

“आजी, तू ऐकतच नाहीस!” असं म्हणून ती पाय आपटत पुन्हा बाल्कनीत गेली.

परीक्षेच्या दिवशी आम्ही सहाही जण वाचनालयाच्या व्हरांड्यात बाकावर ओळीने बसलो होतो. पाववाल्याने भुवया धुतल्या होत्या, त्यामुळे तो ओळखू येईना. परीक्षक म्हणून एक उंच साहेब आले होते, चेहरा इस्त्री केलेला. मास्तरीणबाई नाक पुसत बाहेर आल्या आणि त्यांनी खुणांनी पद्धत समजावली. दोघादोघांनी आत जायचं. साहेब एक चित्र देणार. त्यावर दोघांनी मिळून पाच मिनिटं एकमेकांशी बोलायचं. इथल्या भाषेत.

पहिले गेले पाववाला आणि रंगारी. दार पुरतं लागलं नव्हतं. मी कान लावला. साहेब काहीतरी बोलले. मग खुर्च्या करकरल्या. माणूस घाबरला की त्याची जीभ कुठे पळते माहीत आहे? जिथे तिला थाप मिळालेली असते तिथे! आतून पाववाल्याचा आवाज आला, खणखणीत:

“सरका, सरका! आजी, चहा द्या!”

आणि रंगारी, त्याला सावरायला: “डोकं चालव! थंडी आहे ना!”

दोघं बाहेर आले तेव्हा पाववाल्याचा चेहरा पिठाशिवायही पांढरा होता. माझ्यासमोर येऊन तो उभा राहिला. शिव्या देईल असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“आजी,” तो म्हणाला, “नापास.”

उच्चार अगदी स्वच्छ होता. ‘नापास’ही मी शिकवला नव्हता. मी मुलाशी फोनवर बोलताना त्याने ऐकला असणार. त्याच्या कागदांची मुदत लांब होती, त्याला निदान सहा महिन्यांनी पुन्हा बसता येणार होतं. मोठी बहीण कशीबशी पास झाली. धाकटी लाजली ती लाजलीच, तिने चित्रातल्या कुत्र्याकडे बघून मराठीत ‘शुक शुक’ केलं म्हणे.

मग आमचं नाव पुकारलं. एकच पत्ता, म्हणून जोडी एकच. मी आणि हे!

खरं सांगते, तेव्हा मला हसू आलं. पाच मिनिटं? चव्वेचाळीस वर्षांत सगळं मिळून पाच मिनिटं भरली असतील का? मनात म्हटलं, ह्यांच्या वाटणीची अडीचही आता माझ्या डोक्यावर.

आत समोरासमोर दोन खुर्च्या. मध्ये चित्र: एक घर, दार उघडं, दारात कुणीच नाही. साहेबांनी घड्याळाकडे बघून हात केला. मी घसा खाकरला आणि काय बोलावं ते शोधायला लागले. शोधते तर काय, कपाट रिकामं! सगळीकडे मराठीच टांगलेली!

आणि हे बोलायला लागले.

इथल्या भाषेत हो! हळूहळू, पण न अडखळता. घड्याळाचे बारीक स्क्रू चिमट्याने एकेक उचलून जागेवर ठेवावेत तसे शब्द ठेवत होते. आवाज मी विसरलेच होते ह्यांचा. चांगला आहे आवाज! साहेबांनी मान डोलावली. मास्तरीणबाईंनी रुमाल खाली घेतला. हे चित्रातल्या घराकडे बोट दाखवून बोलले, मग छातीवर हात ठेवून बोलले, आणि मग माझ्याकडे वळून काहीतरी विचारलं.

प्रश्न होता. सूर वर चढला होता, आणि हे थांबले होते. थांबून माझ्या डोळ्यांत बघत होते. असं कधी बघितलं होतं ते मला आठवेना.

साहेब माझ्याकडे बघतायत. बाई बघतायत. हे बघतायत. मी ताठ बसले आणि मला जे येत होतं ते म्हटलं:

“कृपया खिडकी बंद करा.”

साहेब उठून खिडकीपाशी गेले. खिडकी बंदच होती.

ह्यांनी पुन्हा विचारलं. या वेळी आणखी हळू, आणखी सोपं करून, जसं आपण पोराला विचारतो. मला एक अक्षर कळलं नाही. मग माझं डोकं फिरलं.

“अहो, काय विचारताय? हे सगळं शिकलात कधी? मला सांगायचं नाही का आधी? मी इथे साऱ्या वर्गाचं ओझं वाहतेय, आणि तुम्ही आपले गुपचूप—”

साहेबांनी हात वर केला. पाच मिनिटं संपली होती. शेवटचं दीड मिनिट माझं होतं, सगळं मराठीत.

निकाल तिथल्या तिथे कागदावर शिक्का मारून दिला. ह्यांचा हिरवा. माझा लाल. वाचायची गरजच पडली नाही.

बसमध्ये शेजारी-शेजारी बसलो. मास्तरीणबाई थांब्यापर्यंत पोचवायला आल्या होत्या, त्यांनी माझा हात धरून काहीतरी म्हटलं आणि शिंकल्या. बस सुटली. काच धुक्याने आंधळी झाली होती. मी दोन थांबे दम धरला.

“काय विचारलंत मला आत?”

ह्यांनी काचेवरचं धुकं बोटाने पुसलं.

“अहो, परीक्षा संपली! आता सांगायला काय शिक्का लागतो?”

“इथे राहावंसं वाटतं का तुला,” हे म्हणाले. “असं विचारलं.”

“आणि दुसऱ्यांदा?”

“दिवसभर एकटं वाटतं का.”

“मग हे घरी विचारायचं! मराठीत! मी काय नाही म्हटलं असतं?”

ह्यांनी चष्मा काढला. पुसला. घातला.

“मराठीत तू बोलू देत नाहीस,” हे म्हणाले.

भांडायच्या सुरात नाही. वाईट वाटून नाही. घड्याळ का बंद पडलं ते सांगावं, तसं. आणि मला आठवलं, की ते गिऱ्हाइकांना ह्यांनी कधी सांगितलंच नाही. मी सांगायचे.

त्यानंतर सात थांबे मी काही बोलले नाही. समोर बसलेल्या बाईने दोनदा माझ्याकडे वळून बघितलं, मला बरं नाहीसं वाटलं असेल तिला.

घरी मुलाला आणि सूनबाईला मास्तरीणबाईंच्या फोनवरून निकाल आधीच कळला होता. सूनबाईचे डोळे लाल. नातीला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण ती माझ्या मांडीवरून उठेना. मुलाने जेवणाच्या टेबलावर दोन कागद मांडले.

“बाबा, हा तुमचा. सही केलीत की तुम्ही इथे राहू शकता. कायमचे.” मग त्याने दुसरा कागद जरा खाली मान घालून सरकवला. “आणि हा आईच्या परतीचा. तारीख टाकावी लागेल. दोन महिने आहेत अजून.”

“माझं काय एवढं!” मी म्हटलं. “जाईन मी. तिकडे बोलायला शेजारपाजार आहे. तुम्ही राहा हो इथे. पास झालात, भाषा आली, पोरगी आहे. मला काय, घर झाडायला घेतलं की महिना जातो.” बोलत होते मी, थांबत नव्हते. थांबले असते तर रडले असते, आणि नातीसमोर मला ते नको होतं.

हे खुर्ची ओढून बसले. खिशातून पेन काढलं, डोळ्यांजवळ नेऊन टोक बघितलं. मला वाटलं, करतायत सही. करावीच. मनातून मी तयार झाले होते.

ह्यांनी स्वतःच्या हिरव्या शिक्क्याच्या कागदाची नीट चौघडी घातली आणि तो नातीच्या चित्रांच्या खोक्यात टाकला. मग माझा परतीचा कागद पुढे ओढला. त्यावर छापलेलं होतं, प्रवासी संख्या, आणि मुलाने तिथे लिहिलं होतं, एक. ह्यांनी ते एक शांतपणे खोडलं आणि बाजूला बारीक, सुबक अक्षरात लिहिलं, दोन.

“बाबा!” मुलगा ओरडला.

हे उठले आणि किटली ठेवायला गेले.

नात मांडीवर, मुलगा कपाळाला हात लावून, सूनबाई भिंतीकडे तोंड करून. अशा वेळी घरातल्या मोठ्या बाईने काहीतरी बोलायला हवं. नातीला खाली उतरवून मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि ह्यांच्या पाठीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं:

“अहो, माणूस निदान तोंडाने तरी सांगतो, मी येतो म्हणून! एवढं शिकून उपयोग काय झाला? आधी एका भाषेत घुमे होतात, आता दोन भाषांत घुमे झालात!”